तळ्यावरचा तोच बगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं वन्यजीवांचे फोटो काढताय, हाताशी १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, फोकस बहुतेक वेळा लागतो, रंगही बरे येतात. तरी फोटो पाहणारा 'छान' म्हणतो आणि पुढे जातो. आता ६०० मिमी एफ ४ ही मोठी लेन्स घेतली तर फरक पडेल का? सोबत तुम्ही वीस फोटो पाठवले आहेत.

लेन्सचं आधी सांगून टाकतो. तुमच्या झूमचं सहाशेला सर्वांत मोठं छिद्र एफ ६.३ आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). तिथून एफ ४ म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). ज्या फोटोला आज आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० लागतो त्याला १२५० पुरेल आणि मागचा भाग आणखी मऊ, म्हणजे धूसर, होईल. हा फायदा खरा आहे. पण मिलिमीटर (लेन्सची लांबचं जवळ आणण्याची ताकद) तेवढेच राहतात, प्राणी एक पाऊलही जवळ येत नाही. तुमच्या फोटोंमध्ये जे कमी आहे ते या लेन्सने भरून निघणार नाही, म्हणून आत्ता घेऊ नका.

काय कमी आहे ते वीसही फोटो दोनदा सावकाश पाहून सांगतो. वीस फोटोंत अठरा वेगवेगळ्या जाती आहेत. सतरा फोटो उभ्याने काढलेले दिसतात, म्हणजे प्राण्याकडे वरून पाहिलेलं. चौदा फोटोंत प्राणी थेट कॅमेऱ्याकडे बघतोय, मान ताठ, कान किंवा तुरा उभारलेला. ही नजर आपल्याला छान वाटते, पण तिचा अर्थ एवढाच असतो की त्याने हातातलं काम सोडून आपल्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली आहे. तो चरत नाही, शिकार करत नाही, पिल्लाला चाटत नाही. तो तुमच्या जाण्याची वाट पाहतोय. बघणारा थांबत नाही, कारण फोटोत काही घडत नाही.

आणि काही घडत नाही, कारण तुम्ही प्रत्येक जिवाला एकदाच भेटलात.

म्हणून माझा सल्ला एकच आहे. पुढचे सहा महिने एकच जागा आणि एकच जीव धरा. तोही दुर्मीळ नको. घरापासून जवळ असलेलं एखादं तळं आणि त्यावरचा एखादा छोटा बगळा चालेल. आठवड्यातून दोनदा जमेल अशी जागा निवडा. पहिल्या चार खेपांना कॅमेरा पिशवीतून काढू नका. दुर्बीण, वही आणि पेन्सिल न्या. तो कोणत्या कडेला उतरतो, ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, माणसं कधी येतात, किती अंतरावरून तो मान वर करतो हे लिहून ठेवा. मला ही सवय लागायला सात-आठ वर्षं लागली. त्याआधीचे माझे हजारो फोटो आज मी उघडूनही पाहत नाही.

चार सकाळी नुसतं पाहिलंत की काय काय दिसतं ते सांगतो, म्हणजे वेळ वाया जाईल ही भीती जाईल. छोट्या बगळ्याची चोच आणि पाय काळे, पण पावलं पिवळी असतात. उथळ पाण्यात तो एक पाऊल पुढे टाकून थरथरवतो, गाळ ढवळतो आणि दडलेला मासा हलला की चोच मारतो. चोच मारण्याआधीचा क्षण अगदी ठरलेला आहे: पाऊल थांबतं, अंग पुढे झुकतं, मान मागे आखडते, डोकं किंचित कलतं. हे एकदा डोळ्यांत बसलं की तुमचं बोट त्या झुकण्यावर दाबलं जाईल. चोच पाण्यात शिरताना दिसली आणि मग दाबलं, तर हाती फक्त उडालेलं पाणी येतं. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाव भाग सहज जातो आणि तेवढ्यात सगळं संपलेलं असतं.

उडण्याचंही तसंच. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उड्डाण घेतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात. म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून येत असेल, तर तो उतरताना तुमच्याकडे तोंड करून पंख उघडेल. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्या मिळतील. अनेकजण फक्त सूर्य पाठीशी घेतात आणि वाऱ्याचा विचारच करत नाहीत. माझ्या मते उडत्या पक्ष्यांसाठी वारा सूर्याइतकाच महत्त्वाचा आहे. दोघे एकाच बाजूने येत असतील ती सकाळ सोडू नका. मोठे पक्षी उडण्याआधी बऱ्याचदा शिटतात, अंग चापून घेतात, गुडघ्यांत किंचित वाकतात. हे दिसलं की लगेच झूम थोडी मागे घ्या, कारण पंख उघडल्यावर पक्षी दुप्पट-तिप्पट रुंद होतो आणि टोकं फ्रेमबाहेर जातात.

खंड्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं. मासा पकडल्यावर तो फांदीवर आपटतो आणि स्वतः गिळायचा असेल तर डोकं घशाकडे करून धरतो, म्हणजे पर आणि खवले अडकत नाहीत. पण माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला धरून तो उडाला, तर तो मासा दुसऱ्या कुणासाठी आहे: मादीसाठी किंवा पिल्लांसाठी. हे माहीत असलेला माणूस त्या क्षणी ओळखतो की पुढे काय घडणार आहे. शिवाय खंड्या, वेडा राघू आणि चतुर हे एकाच ठरलेल्या काटकीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतात. त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. त्या काटकीवर फोकस लावून थांबा.

सस्तन प्राण्यांचंही वेगळं नाही. झोपलेला मांजरकुळातला प्राणी उठणार असेल तर आधी जांभई देतो. एक आली की दुसरी येण्याची शक्यता मोठी. मग अंग ताणतो, मग उठतो. पहिली जांभई सोडून द्या, तिच्यात फ्रेम नीट करा आणि दुसरी टिपा. हरणांचा कळप चरताना एकाएकी सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या, तर त्या दिशेला तुम्हीही बघा.

अलीकडच्या काही कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबण्याआधीच्या काही फ्रेम जपून ठेवण्याची सोय आली आहे. ती चांगलीच आहे, वापरा. पण बटण अर्धं दाबून कधी तयार राहायचं हे कॅमेऱ्याला कळत नाही, ते वहीतूनच येतं.

आता उंचीबद्दल. तुमच्या सतरा फोटोंतली ही चूक उद्याच सुधारता येईल. प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा न्या. बगळ्यासाठी बसा, चिखलावर फिरणाऱ्या छोट्या पक्ष्यांसाठी पोटावर झोपा, बेडकासाठी कॅमेरा जमिनीला टेकवा. खाली जाण्याने दोन गोष्टी होतात. एक, बघणारा त्या जिवाच्या जगात शिरतो. दुसरी शुद्ध भूमितीची आहे: वरून पाहताना प्राण्याच्या मागे त्याच्या पायाजवळची जमीन येते, जी त्याच्यापासून जेमतेम हातभर लांब आणि म्हणून जवळपास फोकसमध्येच असते. खाली गेलात की मागे पन्नास-शंभर मीटरवरची झाडी येते आणि ती आपोआप विरघळते. एफ ४ न घेताही.

आकड्यांत सांगतो. पूर्ण फ्रेमच्या (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी, एफ ५.६ आणि प्राणी १० मीटरवर असेल, तर धारदार दिसणारा भाग साधारण २० सेंटिमीटर जाडीचा असतो. अंतर ५ मीटर केलंत की तोच ५ सेंटिमीटरवर येतो. म्हणून तुमच्या सातव्या फोटोत चोच धारदार आहे आणि डोळा नाही. समोरून काढताना डोळा धरा आणि चोच थोडी मऊ झाली तरी चालू द्या. डोळा गेला की फोटो गेला. पक्षी बाजूने उभा असेल तर मात्र तुमचा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याची मागची बाजू, त्याच्या अंगाला समांतर ठेवा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं त्या २० सेंटिमीटरच्या पट्टीत बसतं.

पार्श्वभूमीचं आणखी एक गणित फार थोडे लोक वापरतात. तोच प्राणी १० मीटरवर, मागची झाडी ५० मीटरवर. तुम्ही १ मीटर बाजूला सरकलात तर प्राण्याच्या मागचा देखावा ४ मीटरने सरकतो. आणि ४०० मिमीच्या फ्रेमची त्या झाडीपाशी रुंदी आहे साधारण साडेचार मीटर. म्हणजे एका मोठ्या पावलात जवळजवळ सगळी पार्श्वभूमी बदलली! मागे पांढरी पिशवी, चकाकणारं पान, डोक्यातून उगवलेली काठी असेल तर घरी जाऊन पुसत बसू नका. एक पाऊल सरका. मी तर आधी पार्श्वभूमी निवडतो, मग तिच्यासमोर प्राणी येईल अशा जागी बसतो. सकाळच्या उन्हात सावलीतला काळसर काठ आणि त्यासमोर उन्हातला पांढरा बगळा यासाठी मी एका जागी अकरा सकाळी बसलो आहे. अकराव्या सकाळी तो आला आणि बरोबर त्या पट्ट्यात उभा राहिला.

उन्हाबद्दल तुम्ही वाचलंच असेल: सूर्य क्षितिजाजवळ असेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यात एवढंच घालतो की सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे उगवल्यानंतरचा पहिला तास आणि तिसरा तास यांत फार मोठा फरक आहे. तुमच्या फोटोंमधल्या सावल्या बघितल्या तर बरेचसे नऊनंतरचे वाटतात. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागली की कितीही महागडी लेन्स असो, लांबचा प्राणी मऊच येतो. फोकस चुकला असं वाटतं, पण चूक हवेची असते. त्यावर दोनच उपाय आहेत, लवकर जाणं आणि जवळ असणं. ढगाळ दिवशी मात्र घरी बसू नका. पांढऱ्या पक्ष्याच्या पिसांतला पोत ढगाळ उजेडात जितका दिसतो तितका उन्हात कधीच दिसत नाही. आणि अधूनमधून सूर्याकडे तोंड करूनही काढा. केसाळ प्राण्याभोवती उजेडाची कड येते, थंडीत श्वासाची वाफ दिसते.

सेटिंगचं लवकर उरकतो. शटर आणि छिद्र हाताने ठरवा, आयएसओ ऑटोवर ठेवा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (फोटो उजळ किंवा गडद करणारं) चाक अंगठ्याखाली असू द्या. चालणाऱ्या प्राण्याला १/५०० सेकंद शटर, धावणाऱ्याला १/१६००, छोट्या उडत्या पक्ष्याला १/२५०० किंवा त्याहून जलद. बसलेल्या पक्ष्याला १/२५० पुरतं, पण तो बसलेलाच राहील या भरवशावर राहू नका. गडद पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा फसतो आणि पांढरं जाळून टाकतो, एक स्टॉप कमी करा. उजळ आकाशासमोर काळा पक्षी असेल तर एक स्टॉप वाढवा. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराची वाटणी दाखवणारा आलेख) बघायची सवय लावा, मागच्या पडद्यावरचं चित्र उन्हात खोटं सांगतं. आयएसओला घाबरू नका. दाणेदार पण धारदार फोटो सुधारता येतो, हललेला सुधारता येत नाही. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्या. दोन आठवडे अंगठा गोंधळेल, मग त्याशिवाय जमणार नाही. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लाजऱ्या प्राण्यांसाठी वरदान आहे, मात्र सेन्सर हळू वाचणाऱ्या कॅमेऱ्यांत त्याने उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे दिसतात. तुमच्या कॅमेऱ्यावर आधी करून पाहा.

कधी हे सगळं बाजूला ठेवून १/३० वर कॅमेरा प्राण्याबरोबर फिरवत काढा. शंभरात दोन लागतील, पण त्या दोनांत धावणं दिसेल.

जवळ जाण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. अंतर २० मीटरवरून १४ वर आणलंत तर १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे लावायचं, चित्र मोठं करणारं जोडभिंग) लावल्याइतका प्राणी मोठा दिसतो आणि त्याने जातो तसा एक स्टॉप प्रकाशही जात नाही. पण हे अंतर तुम्ही चालून कमी करायचं नसतं, ते त्याने कमी करायचं असतं. सरळ त्याच्याकडे चालत, डोळ्यांत बघत जाणारा माणूस प्रत्येक प्राण्याला शिकाऱ्यासारखा दिसतो. तिरकं चाला, थांबा, दुसरीकडे बघा, बसा. मग अर्धा तास काहीही करू नका. तो कुठे जाणार हे वहीवरून ठाऊक असेल तर त्याच्या वाटेवर आधीच जाऊन बसा. मोटारीत असाल तर इंजिन बंद करा, खाली उतरू नका. बऱ्याच ठिकाणी प्राण्यांना मोटारीची सवय असते, माणसाच्या आकाराची नसते. लपण बांधता आलं तर उत्तमच. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी बैलाचं कातडं पोकळ सांगाड्यावर चढवून आत कॅमेरा घेऊन पक्ष्यांच्या जवळ जाण्याची युक्ती केली होती. आज आपल्याला हलका तंबू मिळतो. आत बसायची चिकाटी तेव्हाइतकीच लागते.

प्राण्याने खाणं थांबवलं, मान ताठ केली, पाठ फिरवून चालू लागला, एकसारखा ओरडू लागला, तर तुम्ही जास्त जवळ आलात. मागे सरका. तो पुन्हा खायला लागला की ते अंतर वहीत लिहा. तुमचे खरे फोटो तेवढं अंतर राखूनच येतील. ज्या दिवशी बगळा तुमच्याकडे एकदा पाहून पुन्हा पाणी ढवळू लागेल, त्या दिवसापासून फोटो बदलतील. मला अजूनही तो क्षण शटरच्या आवाजापेक्षा जास्त आनंद देतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमचा तेरावा फोटो घरट्याचा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका घरट्यासमोर जवळपास पाऊण तास उभा होतो. चोचीत अळी घेऊन मादी शेजारच्या झाडावर बसून होती, येत नव्हती. मला वाटलं, येईल आता. उन्हात पिल्लं माना टाकून बसली होती. मी निघालो तेव्हा दोनपैकी एकच पिल्लू चोच उघडत होतं. दुसऱ्याचं काय झालं ते बघायला मी पुन्हा गेलो नाही, कारण पुन्हा जाणं म्हणजे पुन्हा त्रास देणं. तो फोटो मी कुणालाही दाखवलेला नाही. त्या दिवसापासून मी घरट्याचे फोटो काढत नाही. तुम्हीही काढू नका असं मी आग्रहाने सांगतो. समोरच्या फांद्या 'साफ' करणं तर मुळीच नको. त्या फांद्या म्हणजे पिल्लांची सावली आणि लपायची जागा असते. आणि पिल्लांच्या काळात आई-बाप कोणत्या थराला जातात हे माहीत असू द्या. १९३७ साली घरट्याजवळच्या लपणाकडे जाताना घुबडाने झेप घेतली आणि एरिक हॉस्किंग या नामवंत ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकाराचा एक डोळा गेला.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. विणीच्या काळात नर आपलं घर राखायला धावत येतो, खाणं आणि पिल्लं सोडून, नसलेल्या शत्रूशी भांडायला. आमिष ठेवून काढलेल्या फोटोतलं वागणंही त्या प्राण्याचं स्वतःचं नसतं. दुर्मीळ प्राण्याचा फोटो टाकताना जागा सांगू नका, फाइलमधली जीपीएसची नोंदही काढून टाका. फोटो कसा काढला हे खोटं सांगायची वेळ येऊ नये. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ मध्ये बक्षीस मिळालेला मुंगीखाऊचा एक फोटो पुढच्या वर्षी बाद झाला, कारण तज्ज्ञांच्या मते तो प्राणी पेंढा भरलेला होता.

घरी आल्यावर त्याच रात्री फोटो निवडू नका. त्या रात्री आपण फोटो पाहत नसतो, सकाळ आठवत असतो. आठवडा जाऊ द्या. मग प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारा: हा प्राणी काय करतोय? उत्तर 'बसलाय' किंवा 'बघतोय' असेल तर बाजूला ठेवा. हजारातून पाच उरले तरी पुष्कळ झाले. पण हुकलेले सगळे लगेच पुसू नका. चोच मारण्याचे वीस हुकलेले फोटो वेळेच्या क्रमाने पाहिलेत तर आपलं बोट किती उशिरा पडतं हे कळतं आणि पुढच्या खेपेला ते थोडं आधी पडतं. हे मला कुणी शिकवलं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती.

आणि प्रत्येक खेपेला निदान दहा फोटो झूम पूर्ण मागे आणून काढा. १५० मिमीवर प्राणी छोटा, भोवती त्याचं तळं, लव्हाळी, धुकं, दुसऱ्या काठावरचे सोबती. प्राणी फ्रेममध्ये भरला नाही म्हणून तुम्हाला हळहळ वाटते असं तुम्ही फोटोंच्या कडा ज्या कापल्या आहेत (क्रॉप) त्यावरून दिसतं. तो कुठे राहतो हेही चित्रात येऊ द्या. माझ्या भिंतीवर जे तीन फोटो आहेत, त्यांतल्या दोनांत प्राणी अंगठ्याच्या नखाएवढा आहे.

तर येत्या शनिवारी सूर्य उगवण्याआधी अर्धा तास तळ्यावर पोहोचा, वही घेऊन, कॅमेरा पिशवीत ठेवून. पहिल्या पानावर वाऱ्याची दिशा आणि बगळा उतरला ती वेळ लिहा. सहा महिन्यांनी मला पुन्हा वीस फोटो पाठवा, सगळे त्याच तळ्यावरचे, आणि सोबत त्या वहीची दोन-चार पानंही. मी आधी ती पानं वाचेन.